एकाच डिस्कचा संगणक : प्रस्तावना

हिंगणघाटच्या जिनिंगमधला हिशेबाचा पीसी, आर्वीतल्या फोटो स्टुडिओतला संगणक, सेलूच्या शाळेत दाखले छापणारे यंत्र, वर्ध्यात बॅचलर रोडवरच्या डीटीपी सेंटरमधला जुना डबा. यातला कोणताही उघडून पाहिला तर आत बहुधा डिस्क एकच निघते. तिच्यावरच विंडोज, तिच्यावरच टॅली किंवा पेजमेकर, तिच्यावरच आजवरचे सगळे काम. बॅकअप घेतलेला असला तर पुष्कळदा तोही तिथेच, डी ड्राइव्हमध्ये. मग एक दिवस विंडोज उठत नाही. बॅकअप आहे, तो परत बसवणारा प्रोग्रामही आहे. पण ज्या डिस्कवर आता लिहायचे आहे तिच्यातूनच हा प्रोग्राम सुरू होणार आहे. आपल्याच पायाखालची जागा पुसून तिथे नवे कसे लिहायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

बॅकअप घ्या, असे सगळेच सांगतात. परत कसा बसवायचा याबद्दल फार थोडे बोलले जाते, आणि खरी जोखीम तिथे आहे. बॅकअप घेताना काही चुकले तर पुन्हा घेता येतो, कारण मूळ माल जागेवर असतो. परत बसवताना मूळच पुसले जाते. पहिले सेक्टर लिहिले गेले की मागे जायला वाट उरत नाही. एकाच डिस्कच्या संगणकात तर पुढची वाटही लिहिणारा प्रोग्राम शेवटपर्यंत तग धरतो की नाही, यावरच असते. या क्षेत्रातली सगळी सॉफ्टवेअरे आणि सगळ्या युक्त्या पाहिल्यावर मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : लिहायला सुरुवात होते त्या क्षणी लिहिणारा कुठे उभा आहे, आणि ज्यावरून तो लिहितो आहे ती प्रत कुठे ठेवली आहे?

मातीची जमीन सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत येते. दाराकडून सुरुवात केली तर ती आत अडकेल आणि बाहेर पडताना ओल्या सारवणावर पावले उमटतील. प्रोग्रामलाही असे बाहेर पडायला दार लागते. संगणकात ते दार म्हणजे रॅम.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. चालू असलेले विंडोज पूर्णपणे रॅममध्ये नसते. लागेल तेवढा भाग ते डिस्कवरून वर घेते, बाकीचा खालीच ठेवते आणि गरज पडली की पुन्हा डिस्ककडे जाते. समजा, चालू विंडोजमधूनच कुणी सी ड्राइव्हवर त्याची जुनी इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी घेतलेली प्रत, लिहू लागला. काही क्षणांनी विंडोज आपला एखादा तुकडा आणायला ठरलेल्या जागी जाईल आणि तिथे आता भलतेच काही असेल. मग यंत्र तिथल्या तिथे कोसळणार. म्हणून विंडोज आपल्या चालू फायलींना कुलूप लावून ठेवते आणि असे लिहूच देत नाही. पुष्कळांना हे कुलूप म्हणजे अडथळा वाटतो. ते संरक्षण आहे.

मोठ्या संगणकांच्या काळात यावर सरळ उपाय होता. परत बसवणारा प्रोग्राम टेपवर असायचा, यंत्र त्या टेपवरूनच सुरू करायचे आणि डिस्क मोकळी सापडायची. युनिक्सवाल्यांनी पुढे एक देखणी सोय काढली. 1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये, आणि नंतर सनच्या यंत्रांवरही, एक छोटी फाइल सिस्टीम डिस्कच्या स्वॅपच्या जागेत उतरवत. तिला मिनिरूट म्हणत. यंत्र त्या मिनिरूटवरून सुरू करायचे, मुख्य विभाग सावकाश पुन्हा लिहायचा, आणि नवी सिस्टीम उठली की स्वॅप आपल्या कामाला मोकळा. स्वॅपमध्ये जपून ठेवण्यासारखे काही नसतेच, त्यामुळे जागा उधार घेतली तरी कुणाचे नुकसान नाही. डिस्क एकच, सुरुवात तिच्यातूनच, आणि तरी उभे राहायची जागा लिहिण्याच्या जागेपासून वेगळी. आजचा लपवलेला रिकव्हरी विभाग मला याच कल्पनेचा वंशज वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न पुष्कळ उशिरा आला, आणि आला तो डॉसच्या वेषात. 2001 साली एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केल्यावर तालुक्यांच्या गावी संगणकाचे वर्ग उघडू लागले, त्यांच्या मागोमाग दुरुस्तीची दुकाने आली आणि दुकानांत नॉर्टन घोस्टची फ्लॉपी किंवा सीडी आली. घोस्ट जन्मले न्यूझीलंडमध्ये, 1990 च्या दशकाच्या मध्यावर, मरे हॅझार्ड यांच्या हातून. 1998 मध्ये सिमॅन्टेकने ते विकत घेतले. 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर मावणारा तो प्रोग्राम एकदा वर चढला की फ्लॉपी काढून घेतली तरी चालायची, कारण डॉस आणि घोस्ट दोन्ही रॅममध्ये असायचे. दुकानांच्या भाषेत ‘विंडोज मारणे’, ‘फॉरमॅट मारणे’ यांच्या शेजारी ‘घोस्ट मारणे’ येऊन बसले. विंडोज, ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, प्रिंटर असे सगळे एकेक करून बसवण्यात अर्धा दिवस जायचा. घोस्ट मारला की चहा होईपर्यंत यंत्र तयार.

याच घोस्टने पुष्कळांच्या डी ड्राइव्हचा बळी घेतला, आणि त्याचे कारण तपशिलात सांगायला हवे, कारण आजची साधनेही तोच फरक बाळगून आहेत. घोस्टच्या मेनूत ‘डिस्क’ आणि ‘पार्टिशन’ अशा दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या आत ‘फ्रॉम इमेज’ होते. पार्टिशनच्या वाटेने गेलात तर फक्त सी पुन्हा लिहिला जाई. डिस्कच्या वाटेने गेलात तर विभागांचा तक्ताच नव्याने लिहिला जाई आणि डी नावाचा विभाग उरतच नसे. “भाऊ, फोटो डीमध्ये हायेत, त्याले काही होणार नाही ना?” असे विचारणारे गिऱ्हाईक आणि “डीले हात नाही लावत जी” असे मनापासून सांगणारा मेकॅनिक यांच्यामध्ये मेनूतली एक ओळ उभी असे. लग्नाचे फोटो, मेलेल्या माणसाचा एकमेव फोटो, शाळेचे रजिस्टर असे काय काय त्या एका ओळीवर टांगलेले असे.

फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडू लागल्यावर घोस्टने आणखी एक वाट काढली. 2003 च्या आवृत्तीत विंडोजमधूनच हुकूम द्यायचा. मग ते सी ड्राइव्हवर एक फाइल तयार करी, ती फाइल म्हणजेच डॉसचा विभाग आहे असे विभागांच्या तक्त्यात लिहून ठेवी आणि यंत्र बंद करून त्या खोट्या विभागातून चालू करी. काम झाले की तक्ता पूर्ववत. मध्येच काही बिघडले तर यंत्र पुन्हा पुन्हा डॉसमध्येच उठत राही आणि विंडोज कुठे गेले ते मालकाला कळत नसे. जुन्या तक्त्यात मुख्य विभागांना चारच जागा असतात. चारही भरलेल्या असल्या तर ही युक्ती चालतच नसे. एकाच डिस्कमधून उठून त्याच डिस्कवर लिहिण्याचा हा धाडसी प्रयत्न होता. तो कुठे तुटतो हे ज्याला समजले त्याला आजची अर्धी साधने समजली.

पुढचा टप्पा अधिक स्वच्छ होता. क्लाउस क्नॉपर यांनी 2000 मध्ये आणलेल्या नॉपिक्सने एका सीडीवरून अख्खे लिनक्स चालवून दाखवले, आणि रॅम पुरेशी असली तर ते सगळेच रॅममध्ये चढवून सीडी बाहेर काढायची सोयही दिली. तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला याच परंपरेतले. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला विंडोज पीई आले. व्हिस्टापासून त्याची सगळी सिस्टीम एका फाइलीत असते; ती फाइल पूर्ण रॅममध्ये उतरते आणि एक्स नावाचा ड्राइव्ह होऊन दिसते. काही बॅकअप साधने हीच फाइल सी ड्राइव्हवर ठेवतात आणि सुरुवातीच्या मेनूत एक ओळ वाढवतात. ती ओळ निवडली की फाइल डिस्कवरून रॅममध्ये येते, डिस्कशी तिचे नाते तुटते, आणि मग ती ज्या सी ड्राइव्हवरून आली तोच निर्धास्तपणे पुसून पुन्हा लिहिते. मेनूतली ती ओळ पाहून “हे कसे शक्य आहे?” असे विचारणाऱ्या प्रत्येकासाठी उत्तर हेच : पुसणे सुरू होण्याआधी ती बाहेर पडलेली असते.

तरी साधने बनवणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत, आणि ते केवळ आवडीनिवडीचे नाहीत. एका पक्षाचा आग्रह आहे की परत बसवणारा नेहमी बाहेरून यावा, पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून. डिस्कच मेली तर आतला मदतनीसही मेला. दुसरा पक्ष म्हणतो की ज्या माणसाला मध्यरात्री यंत्र उठवायचे आहे त्याच्या हाताशी पेनड्राइव्ह नसतो, म्हणून आतच एक राखीव खोली हवी. लॅपटॉप कंपन्यांचे रिकव्हरी विभाग, ॲक्रोनिसची एफ-11 ची कळ, ॲपलने 2011 मध्ये लायनसोबत आणलेला रिकव्हरी विभाग हे सगळे या पक्षाचे. ॲपलने त्याच वर्षी तिसरी सोयही दिली : आतली खोली गेली तरी यंत्र इंटरनेटवरून मदतनीस खाली ओढते. आणखी एक पक्ष पुसून लिहिण्याच्याच विरोधात आहे. झेडएफएस, बीटीआरएफएस, ॲपलचे एपीएफएस यांच्यात जुनी अवस्था जागेवरच गोठवून ठेवतात आणि परत जायचे म्हणजे फक्त तिच्याकडे बोट वळवायचे. ही पद्धत झटपट आहे, सुंदर आहे, आणि डिस्क मेली की पूर्ण निरुपयोगी आहे. माझे मत पहिल्या पक्षाकडे झुकते, पण आतली खोली बंद करा असे मी कुणालाही सांगणार नाही. बिघाड सॉफ्टवेअरचा असेल तेव्हा ती खोली वेळेवर उपयोगी पडते, आणि आपल्या दुकानांत येणारी पुष्कळ यंत्रे तशाच बिघाडाची असतात.

इमेज कशाला, नवे विंडोज टाका की, असा सल्ला हल्ली सहज दिला जातो. ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्ये चालते त्याला तो लागू आहे. पण डीटीपी सेंटरमधला तो जुना एक्सपी पाहा. पंधरा-वीस वर्षांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टात बांधलेले आहेत. ते युनिकोड नाहीत. त्या फायली त्या फॉन्टसह, त्या डोंगलसह, त्या आवृत्तीतच नीट उघडतात. ती घडी पुन्हा बसवायला सीडी लागेल, ड्रायव्हर लागेल, आणि ज्याने ती पहिल्यांदा बसवली तो माणूस लागेल. अशा यंत्राची इमेज म्हणजे त्या गावाच्या छापील जगण्याचा एक तुकडा असतो. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा गांधी हिल्सवरचे हिंदी विश्वविद्यालय यांच्याकडे सर्व्हर असतात आणि ते सांभाळणारी माणसेही. पण त्याच विश्वविद्यालयाच्या वसतिगृहात शोधप्रबंध लिहिणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी एकच असते. हे पुस्तक तिच्यासाठी आहे, आणि त्या एक्सपीच्या मालकासाठी.

वर्ध्यात बसून पुसून लिहिण्याबद्दल बोलताना गांधीजींच्या समग्र वाङ्मयाची गोष्ट टाळता येत नाही. इंग्रजी समग्र वाङ्मयाचे 100 खंड 1958 ते 1994 या काळात निघाले. नंतर त्याची सुधारित आवृत्ती आणि सीडी आली. अभ्यासकांनी ती मूळ खंडांशी ताडून पाहिली, तेव्हा नोंदी गाळल्याचे आणि क्रम बदलल्याचे आढळले. मोठा वाद झाला आणि अखेर सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. मूळ रूप पुन्हा मिळाले ते एवढ्याच कारणाने, की छापील खंड त्या बदलाच्या बाहेर, ग्रंथालयांच्या कपाटांत उभे होते आणि त्यांच्याशी ताडून पाहणारी माणसे होती. आज साबरमतीच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर ते मूळ खंड वाचायला मिळतात. प्रत बाहेर हवी आणि ती तपासलेली हवी, या दोन्ही अटी या पुस्तकात पानोपानी येतील.

तपासणी ही अट लोक सर्वांत आधी सोडतात. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि ऐन वेळी त्यातली एकही धड चालली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली. संगणकावरच जगणाऱ्या कंपनीची ही अवस्था, तर डी ड्राइव्हमध्ये तीन वर्षे पडलेली आपली इमेज उघडेल याचा भरवसा कशावर ठेवायचा? इमेज तपासण्याची सोय घोस्टपासून बहुतेक साधनांत आहे. लिहायला सुरुवात करण्याआधी ती वापरायची, यात सूट नाही.

मग आहे वीज. उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. 120 जीबीची इमेज जुन्या यूएसबी 2.0 च्या पोर्टवरून, सेकंदाला सुमारे 30 एमबीच्या वेगाने, लिहायला तासाहून अधिक वेळ लागतो. दुकानातला यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो. वीज मध्येच गेली आणि इमेज बाहेरच्या डिस्कवर असली, तर गेला तो फक्त तास. पुन्हा सुरू करा. इमेज त्याच डिस्कवर असली आणि तुम्ही फक्त सी लिहीत होता, तर विंडोज अर्धवट, पण डी शाबूत. बाहेरून पेनड्राइव्ह लावून पुन्हा उभे राहता येते. मदतनीस सी ड्राइव्हवरच्या फाइलीत होता आणि पेनड्राइव्ह नाही, तर इमेज समोर असून तिच्यापर्यंत पोचायला कुणी नाही. तिन्ही प्रसंगांत प्रोग्राम एकच, इमेज एकच, वीजही तशीच गेली. बदलल्या त्या जागा.

हे सगळे आत्ताच लिहिण्याची निकड का वाटली, तेही सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. जुनी यंत्रे कुणी तशीच चालवतो आहे, कुणी विंडोज 11 कडे ढकलतो आहे, कुणी लिनक्सकडे वळतो आहे, आणि प्रत्येक ढकलाढकलीत परतीची वाट लागते. त्याच वेळी ती वाट अरुंद होते आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी नाही, एसएसडीला एकच खाच, स्वस्त यंत्रांत तर साठवण बोर्डावरच डाखलेली. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावायची जुनी युक्ती तिथे संपली. नव्या इंटेल यंत्रांपैकी काहींत बाहेरून आणलेल्या पेनड्राइव्हला ड्रायव्हर दिल्याशिवाय आतली डिस्क दिसतच नाही. जानेवारी 2024 च्या एका विंडोज अपडेटला रिकव्हरी विभागात 250 एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसल्याने असंख्य यंत्रांवर ते अडकले, आणि आपल्या डिस्कवर अशी एक खोली आहे हे पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

याहून गंभीर गोष्ट एन्क्रिप्शनची. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. उपाय सोपा होता, एक फाइल काढून टाकायची. पण त्यासाठी आधी यंत्र रिकव्हरीत न्यायचे, आणि बिटलॉकर असेल तर 48 अंकी किल्ली द्यायची. ज्यांच्या किल्ल्यांची नोंद हाताशी नव्हती ते दारातच थांबले. विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केलेल्या पुष्कळ यंत्रांवर हे कुलूप आपोआप लावतात. मालकाला ते ठाऊक नसते, दुकानदार विचारत नाही. खंडणीखोर व्हायरसांबद्दल 2017 च्या वॉनाक्रायनंतर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच सांगतो : डी ड्राइव्हमधली इमेज त्यांच्या हाताच्या अंतरावर असते.

मराठीत हे ज्ञान बहुतेक तोंडी चालते. वर्ध्याच्या दुकानांत बसून अप्रतिम काम करणारी मुले मी पाहिली आहेत. पडद्यावर काय उमटले यावरून लेगसी की यूईएफआय हे ती क्षणात ओळखतात, एमबीआरच्या काळातली इमेज नव्या यंत्रावर का उठत नाही हे जाणतात. पण असे का, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि त्यांनी शोधलेले पुढच्या मुलाला आयते मिळत नाही. तो पुन्हा एखाद्याचा डी ड्राइव्ह घालवून शिकतो. ही शिकवणी गिऱ्हाइकाच्या आठवणींवर चालू नये, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून हे पुस्तक कोणत्याही एका सॉफ्टवेअरचे मार्गदर्शक नाही. नावे आणि मेनू बदलत राहतील. घोस्टसुद्धा 2013 मध्ये बंद झाले. इथे प्रत्येक साधनाला तेच प्रश्न विचारले आहेत : तू कुठून उठतोस, रॅममध्ये पूर्ण चढतोस का, विभागांचा तक्ता लिहितोस का आणि कधी, इमेज कुठून वाचतोस, मध्येच वीज गेली तर मागे काय उरते? या क्रमामुळे काही प्रसिद्ध साधने मागे पडली आहेत आणि काही साधी साधने पुढे आली आहेत.

सर्व्हर, रेड आणि मोबाइल यांना इथे हात लावलेला नाही. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणे हे स्वच्छ खोलीचे आणि वेगळ्या हत्यारांचे काम. तेही इथे नाही. व्यायाम मात्र भरपूर आहेत, आणि ते सगळे भंगारात निघालेल्या डिस्कवर करायचे आहेत. 80 किंवा 160 जीबीची जुनी साटा डिस्क दुरुस्तीच्या दुकानात मागितली तर मिळते. तिच्यावर विंडोज टाका, इमेज घ्या, परत बसवायला सुरुवात करा आणि पट्टी निम्म्यावर आली की स्वतःच वायर उपटा. पहिल्या प्रकरणाला बसण्याआधी ती डिस्क, एक पेनड्राइव्ह आणि इमेज ठेवायला बाहेरची एक डिस्क एवढे टेबलावर असू द्या.